विनय गायतोंडेचा पत्ता

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, आमच्या नगरच्या घरात एक साहित्यिक पेच उभा राहिला. (कागदोपत्री आमचे गाव आता अहिल्यानगर झाले आहे, परंतु जिभेला साठ-सत्तर वर्षांची सवय आहे, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.) स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालला होता. बाहेरच्या खोलीत नातू अकरावीचे इंग्रजीचे पुस्तक उघडून बसला होता आणि त्याची धाकटी बहीण बापाचा मोबाईल मांडीवर घेऊन कसलेसे चित्रपट पाहत होती. मधूनच तिने मान वर केली आणि मला विचारले, “आजोबा, दादाच्या धड्यातले ते आजोबा आणि हा बॅटमॅन, दोघं एकाच ठिकाणी गेलेत का हो?”

मी हसलो. हसल्यावर वाटले, आपण हसायला नको होते. नातवाच्या पुस्तकातला धडा म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा, तिच्या इंग्रजी अवतारात. नातीच्या हातातली गोष्ट म्हणजे ‘जस्टिस लीग’ या अमेरिकन व्यंगपट-मालिकेचा ‘अ बेटर वर्ल्ड’ हा 2003 सालातला दोन भागांचा प्रयोग. दोन्हींत माणसे आपल्या जगातून निघून आपल्यासारख्याच, पण आपल्या नसलेल्या जगात जाऊन पडतात. पोरीचा प्रश्न खुळा नव्हता. चकल्या होईपर्यंत मी तिच्या शेजारी बसून तिचा प्रयोग पाहिला, रात्री नातवाचे पुस्तक मागून घेतले, कपाटातून मराठी नारळीकर काढले, आणि भाऊबीज होईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

दिवाळी अंकातल्या समीक्षेने कादंबरीवर किंवा कवितेवर लिहावे, मुलांच्या चलच्चित्रांवर लिहू नये, असा संकेत आहे हे मला ठाऊक आहे. मी व्यवसायाने समीक्षकही नव्हे. तीस-बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, एवढेच. पण हा विषय इतिहास शिकवणाऱ्याच्या थेट वर्मावर बोट ठेवणारा निघाला. तेव्हा संपादकांनी आणि वाचकांनी हा आगाऊपणा एक वेळ पोटात घालावा.

एका जगात दुसरे जग असते ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. माझी आजी चातुर्मासात योगवासिष्ठ ऐकायला जाई आणि तिथली लीला राणीची गोष्ट घरी येऊन सांगे. राणीचा नवरा मरतो; सरस्वती तिला हाताशी धरून दुसऱ्या ब्रह्मांडात नेते; तिथे तिला कळते की, एका ब्राह्मणाच्या घरातल्या एवढ्याशा जागेत तिच्या नवऱ्याचे सगळे राज्य सामावले होते, आणि राजाची हयात सरली तरी त्या ब्राह्मणाच्या घरात अवघे आठ दिवस उलटले होते. पुढे तर त्या लीलेची दुसऱ्या लीलेशी गाठ पडते. आजी हे सगळे वाती वळता वळता सांगत असे, आणि आम्हा पोरांना त्यात काही अवघड वाटत नसे. अमेरिकेत ह्यू एव्हरेट या तरुण शास्त्रज्ञाने 1957 साली हीच कल्पना पुंजभौतिकाच्या गणितात मांडली, तेव्हा मोठमोठ्या विद्वानांना ती पचवायला जड गेली. आजीला कदाचित गेली नसती. अर्थात आजीला गणित येत नव्हते, हेही खरे.

आता मूळ कथेकडे वळतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवून हजाराव्या सभेच्या उंबरठ्यावर उभे असलेले. हजारावी सभा पानिपतावरच्या परिसंवादाची. रस्त्याने विचार करीत चालले असता त्यांना मालमोटारीची धडक बसते, आणि ते जागे होतात ते एका निराळ्या हिंदुस्थानात. पुण्याहून मुंबईला निघतात तर वाटेत इंग्रजांच्या हद्दीची चौकी लागते. मुंबईपुरता इंग्रजांचा अंमल, आणि बाकीचा सारा देश स्वतंत्र! टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून ते आपलाच इतिहासग्रंथ चाळतात आणि उलगडा होतो: या जगात मराठे पानिपत जिंकले. भाऊसाहेबांची बखर काढून पाहतात, तर विश्वासरावांवर झाडलेली गोळी कानाजवळून निघून गेलेली. तीळभर अंतराने एका देशाचे दैव फिरलेले.

ही कथा आली तेव्हा मराठी माणसाच्या काळजाला ती का भिडली, हे सांगायला समीक्षक नको. 14 जानेवारी 1761 ही तारीख आमच्या भाषेतच मुरलेली आहे. परीक्षेत नापास झाला की पोराचे पानिपत होते, आणि उधार मागायला आलेल्याला विश्वास पानिपतातच गेला म्हणून सांगता येते. नारळीकरांनी ह्या मुरलेल्या दुःखावर विज्ञानाची फुंकर घातली. ती घालणारा माणूसही साधा नव्हता. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर काम केलेला हा शास्त्रज्ञ 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेऊन उतरला. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली की ते नाव मिळते. ओळखीवर बक्षीस नको, हा त्यातला सरळपणा मला फार आवडतो. 2021 साली नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा मराठी विज्ञानकथेला मानाचा पाट मिळाला. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या कथेतली उणीव दाखवायला मी बसलो आहे, ती ह्या आदराच्या हद्दीत राहूनच.

कथेत मला सर्वांत हृद्य वाटलेली जागा ग्रंथालयातली नाही, आगगाडीतली आहे. गंगाधरपंतांचे सहप्रवासी एक खानसाहेब आहेत. ते कुठे निघाले आहेत? मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून लाहोर आणि लाहोरहून पेशावर. लांबचा प्रवास आहे, परवा पोचेन, असे ते सहज सांगतात. त्या सहजतेत फाळणी पुसली गेली आहे. लेखक त्यावर अवाक्षर बोलत नाही. आपण मात्र पान उलटायचे थांबतो. मोठा लेखक अशा ठिकाणी ओळखावा.

आणि आता ती उणीव. मुंबईत उतरल्यावर गंगाधरपंत आधी ग्रंथालयात जात नाहीत. आधी ते फोर्ब्स बिल्डिंगमध्ये जातात. कारण त्यांच्या जगात त्यांचा मुलगा विनय तिथे नोकरीला असतो. तिथली इंग्रज बाई यादी पाहते आणि सांगते, या नावाचे कोणी इथे नाही, आमच्या दुसऱ्या शाखांतही नाही. गंगाधरपंतांच्या मनात येते की, या जगात आपणच हयात नसू तर मुलगा असेलच कशावरून? कदाचित तो जन्मलाच नसेल. असा विचार त्यांच्या मनात येतो, ते बाईंचे आभार मानून बाहेर पडतात, आणि पुढच्या बेताला लागतात. पुढचा बेत म्हणजे ग्रंथालय.

वाचकहो, मी इथे अडखळलो. पहिल्या वाचनात अडखळलो नव्हतो. तेव्हा माझे सारे लक्ष पानिपतावर होते, गंगाधरपंतांसारखेच. या खेपेला, शेजारी नातवंडे झोपलेली असताना, वाचता वाचता मी पुस्तक खाली ठेवले. ज्या जगात आपला मुलगा जन्माला आलाच नाही त्या जगात एक बाप उभा आहे. आणि त्या बापाला कसली ओढ लागली आहे, तर पानिपत कोण जिंकले ते पाहण्याची! पुढे ग्रंथालयात तो त्या निराळ्या हिंदुस्थानाचा इतिहास वाचून प्रसन्न होतो. गुलामी न भोगलेला, स्वाभिमानाने उभा असलेला देश त्याला आवडतो. कोणालाही आवडेल. पण या देशाची किंमत घरात कोणी मोजली, हा हिशेब त्याच्या मनात पुन्हा येत नाही. विनय गायतोंडे कथेच्या त्या एका पानावर येतो आणि तिथेच राहतो.

कोणी म्हणेल, ही विज्ञानकथा आहे. तिला कल्पना मांडायची आहे, बापलेकांचा जिव्हाळा नव्हे. मला हा बचाव पटत नाही. विनयला कथेत आणले लेखकानेच. दार त्याने उघडले आणि आत मात्र पाऊल टाकले नाही. उंबरठ्यावरून परतायचे होते तर कडी वाजवायची नव्हती.

हे मला जाणवले त्याचे श्रेय मात्र नारळीकरांच्या कोणा टीकाकाराला नाही. ते त्या चलच्चित्राला आहे, आणि हे कबूल करताना माझ्यासारख्या म्हाताऱ्याला थोडे अवघड वाटते. म्हणून तो प्रयोगही जरा तपशिलाने सांगतो. नातवंडांनी शंभर वेळा पाहिला असला तरी आजी-आजोबांनी पाहिला नसणार.

जस्टिस लीग म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन आणि त्यांच्यासारख्या अचाट शक्तीच्या वीरांचे मंडळ. आपल्याकडच्या मुलांना ही मंडळी भीम-हनुमंताइतकीच जवळची झाली आहेत, त्याला आता इलाज नाही. या प्रयोगाची सुरुवात एका भलत्याच जगात होते. तिथे या मंडळातला फ्लॅश नावाचा सगळ्यांत हसरा, वाऱ्याच्या वेगाने पळणारा गडी मारला गेला आहे. आणि लेक्स ल्यूथर हा कपटी माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होऊन जगाला युद्धाच्या खाईत लोटायला निघाला आहे. सुपरमॅन त्याच्यापुढे उभा राहतो. ल्यूथर त्याला डिवचतो की, तू मनात आणले असतेस तर मला केव्हाच थांबवू शकला असतास. आणि सुपरमॅन, ज्याने कधी जीव घ्यायचा नाही असे व्रत धरले आहे, तो डोळ्यांतल्या आगीने त्याला ठार करतो. 

तिथून त्या जगाची वाट फुटते. दोन वर्षांत हे वीर रक्षक न राहता राज्यकर्ते होतात. स्वतःला जस्टिस लॉर्ड्स म्हणवतात. गुन्हे थांबतात, रस्ते शांत होतात, आणि माणसे दबक्या आवाजात बोलू लागतात. पुढे त्यांच्या बॅटमॅनला आपल्या जगाचा शोध लागतो आणि ते आपल्या वीरांना फसवून तिकडे कोंडून ठेवतात.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. दोन बॅटमॅन समोरासमोर येतात. एकच माणूस, एकच बालपण. आठ वर्षांचा असताना एका भुरट्या चोराच्या गोळीने त्याचे आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत मेले. दोघेही त्याच एका रात्रीतून घडलेले. इकडचा तिकडच्याला म्हणतो, तुम्ही सत्ता बळकावलीत. तिकडचा उत्तर देतो की, त्या सत्तेच्या जोरावर आम्ही असे जग केले आहे जिथे आठ वर्षांच्या एकाही पोराचे आईबाप असे मरणार नाहीत. आणि इकडचा बॅटमॅन, ज्याला आजवर कोणी हरवले नाही, हातातले शस्त्र खाली टाकतो आणि हार मानतो.

मुलांच्या खेळात असा क्षण मी यापूर्वी पाहिला नव्हता. ठोसा नाही, आगीचा लोळ नाही. नुसता एक युक्तिवाद, आणि तो युक्तिवाद थेट घरात शिरलेला. पलीकडच्या जगाची खरी लालूच कोणती, हे लिहिणाऱ्याला नेमके कळले आहे. साम्राज्ये नव्हेत, विजय नव्हेत. गेलेले आईबाप जिवंत असते तर!

आणि कळले आहे ते एवढ्यावर थांबत नाही. थोड्या वेळाने दोघे मोटारीतून शहरात चालले आहेत. वाटेत खानावळीचे बिल जास्त लावले म्हणून कुरकुर करणाऱ्या एका माणसाला पोलीस उचलून नेताना दिसतात. इकडचा बॅटमॅन हळूच म्हणतो की, त्यांना इथे फार आवडले असते, नाही? कोणाला, असे दुसरा विचारतो. आईबाबांना, त्यांना तुझा फार अभिमान वाटला असता. दुसरा काही बोलत नाही, गाडी हाकायला सांगतो. पण तिथून त्याचे मन फिरते आणि तोच पुढे कैद्यांना घरी जायला मदत करतो. ज्या आईबापांच्या नावाने युक्तिवाद जिंकला, त्यांच्याच नावाने तो उलटला. माझ्या नातीला हा उपरोध कळला नाही, ती म्हणाली, “बघा, दोघांची दोस्ती झाली.” मी काही बोललो नाही. 

या प्रयोगात उणे नाही असे नाही. मारामारी गरजेपेक्षा अडीचपट आहे. शेवटी ल्यूथरचीच मदत घेऊन, त्याला माफी मिळवून देऊन, लॉर्ड्सची शक्ती हरण केली जाते. ही तडजोड खरे तर आणखी एका प्रयोगाचा विषय होती, ती घाईत उरकली आहे. शिवाय तिकडच्या सामान्य माणसांची तोंडे आपल्याला जेमतेम दिसतात. तो बिलावरून कुरकुरणारा माणूस सोडला तर त्या जगात लोक आहेत की नाहीत असा संशय यावा. पण वाट कुठे फुटते, या प्रश्नाचे त्याचे उत्तर मला नारळीकरांच्या उत्तराहून खोल वाटते. नारळीकरांच्या कथेत वाट फुटते ती एका गोळीपाशी. गोळी कोणाला विचारून वळत नाही. कथेतले राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ गंगाधरपंतांना इलेक्ट्रॉनचे उदाहरण देऊन तेच समजावतात, आणि विज्ञान म्हणून ते ठीक आहे. व्यंगपटात वाट फुटते ती एका माणसाच्या मनात, त्याने मोडलेल्या व्रतापाशी. तिथे कोणाला तरी जाब विचारता येतो.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, आणि मास्तरापुढे नगर जिल्हा उभा राहतो. कारण ‘जिंकलो असतो तर’ या प्रश्नाची परीक्षा आमच्या जिल्ह्यात एकदा झालेली आहे. नगरहून जामखेडमार्गे शंभरेक किलोमीटरवर खर्डा आहे. 11 मार्च 1795 रोजी तिथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली आणि मराठे जिंकले. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे एका झेंड्याखाली आलेले. निजामाने खर्ड्याच्या भुईकोटाचा आसरा घेतला आणि अखेर शरण येऊन तह केला. त्याचा दिवाण ओलीस म्हणून पुण्याला गेला. पानिपतावर जे व्हायला हवे होते असे आम्ही म्हणतो, ते चौतीस वर्षांनी आमच्या जिल्ह्यात झाले. गोळी चुकली, हत्तीवरचा धनी जिवंत राहिला, सरदार एक झाले.

मग काय झाले? त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यावरून पडल्याच्या दुखण्याने गेले; एकवीस वर्षांचा पोर. गादीसाठी कारस्थाने सुरू झाली आणि त्या गोंधळात निजामाचा दिवाणही सुटला. 1797 सरता सरता दौलतरावांनी नानांना पकडले आणि आणून ठेवले कुठे, तर आमच्याच नगरच्या किल्ल्यात. खर्ड्याचे सूत्रधार खर्ड्याच्याच जिल्ह्यात कैदी! आणि 12 ऑगस्ट 1803 रोजी तो किल्ला वेलस्लीने घेतला. खर्ड्याच्या विजयाला तेव्हा साडेआठ वर्षेसुद्धा झाली नव्हती. पुढे 1942 मध्ये इंग्रजांनी त्याच किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना कोंडले, हे सर्वांना ठाऊक आहे.

नारळीकरांच्या निराळ्या हिंदुस्थानात पानिपत जिंकल्यावर विश्वासराव आणि माधवराव मिळून राज्य सावरतात आणि दादासाहेब बाजूला पडतात. राघोबादादा मुकाट्याने बाजूला झाले, हे मला त्या समांतर विश्वापेक्षाही नवलाचे वाटले! पानिपत जिंकलेल्या त्या जगातही शनिवारवाडा असणारच, त्यात भाऊबंद असणारच, आणि उत्तरेकडच्या दोन बड्या सरदारांची धुसफूसही. एका गोळीने ही सगळी माणसे बदलत नाहीत. म्हणून त्या कथेतल्या जगाचे चित्र मला रम्य वाटते, खरे वाटत नाही.

हे मी नारळीकरांना म्हणतो तितकेच स्वतःला म्हणतो. तीस-बत्तीस वर्षे दर वर्गाला पानिपत शिकवताना विश्वासरावांपाशी आलो की मी खडू खाली ठेवत असे. आवाज उतरवून सांगत असे, “मुलांनो, ती एक गोळी लागली नसती तर…” वर्ग चिडीचूप होई. मागच्या बाकावरची टगी पोरेसुद्धा ऐकत. मला ते फार आवडे, आणि तास नेमका तिथे संपावा अशी मी आखणी करीत असे. खर्डा मात्र घंटा होता होता दोन वाक्यांत उरकत असे, कारण जिंकलेल्या लढाईत नाट्य नव्हते. आपल्याच जिल्ह्यातली लढाई! एकदा जामखेडकडच्या एका मुलाने विचारले होते, “सर, खर्ड्याला जिंकलो ना, मग इंग्रज का आले?” मी त्याला पुढच्या धड्यात येईल म्हणून सांगितले. पुढच्या धड्यात ते नव्हते. तो मुलगा आता कुठे असेल कोण जाणे. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याच्या प्रश्नाला पोच मिळाली असे त्याने समजावे.

नारळीकरांवर मात्र अन्याय व्हायला नको. त्यांच्या कथेचा शेवट मी पुन्हा वाचला आणि मला वाटले, लेखकाच्या हातून आपसूक काहीतरी घडून गेले आहे. गंगाधरपंत रात्री आझाद मैदानावर जातात. तिथे एक सभा चालली आहे, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. नऊशे नव्याण्णव सभांची सवय! ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षांची भाषणे केव्हाच बंद करून टाकली आहेत. आरडाओरडा होतो, टोमॅटो आणि अंडी येतात, लोक अंगावर धावून येतात, आणि त्या गर्दीत गंगाधरपंत दिसेनासे होतात. ते सापडतात आपल्या जगातल्या आझाद मैदानावर, सकाळी. खिशात बखरीचे एक फाटके पान, ज्यावर गोळी चुकली आहे. विनोद म्हणून हा प्रसंग फक्कड आहे. पण त्यामागे एक कडवट गोष्ट आहे: ज्या जगाचा इतिहास वाचून माणूस दिवसभर सुखावला, त्या जगाने त्याला रात्री उचलून बाहेर फेकले. तिथे त्याला मुलगा नव्हता, आणि आता खुर्चीही नव्हती. परत आल्यावर ते पानिपताच्या परिसंवादाला नकार कळवतात. हजारावे अध्यक्षपद नको म्हणतात. 

ते का नको म्हणाले? कथा सुचवते की, मैदानावरच्या अनुभवाने त्यांची हौस फिटली. असेल. माझ्या मनात एक दुसरे कारण घोळते. फोर्ब्स बिल्डिंगमधून बाहेर पडताना ज्या विचाराला त्यांनी थारा दिला नाही, तो त्यांच्याबरोबर परत आला असावा. लेखकाने ते लिहिलेले नाही, त्यामुळे हे माझे म्हणणे समीक्षा या नावाला पात्र नाही, हे मला कळते. नातवाने मात्र, मी काही न सांगता, पुस्तक मिटताना विचारले, “आजोबा, परत आल्यावर ते मुलाला फोन का करत नाहीत?” मी त्याचा धडा पुन्हा चाळला. खरेच, करत नाहीत. परत आल्यावर ते बोलतात ते राजेंद्र देशपांड्यांशी.

दोन्ही गोष्टी मुलांना वाचायला-पाहायला द्याव्यात का, असे काही पालक विचारतील. अवश्य द्याव्यात, आणि शेजारी बसावे. नारळीकर आधी मराठीतून वाचावेत. इंग्रजी धड्यात कथा आहे, पण गंगाधरपंतांचे पंतपण थोडे विरले आहे. व्यंगपट लहानांना एकट्याने पाहू देऊ नये, कारण त्यातली मारामारी त्यांना कळते आणि मोटारीतले संभाषण कळत नाही.

भाऊबीजेच्या रात्री नातीने तो प्रयोग पुन्हा लावला. शेवट जवळ आला. वीर आपल्या जगात परतत होते, हसरा फ्लॅश त्यांच्याबरोबर. ती थोडी नाराज दिसली म्हणून मी कारण विचारले.

“तिकडचा फ्लॅश मेला होता ना,” ती म्हणाली, “मग ह्यांनी आपला फ्लॅश त्यांच्याकडे थोडे दिवस ठेवायला पाहिजे होता.”

“मग इकडच्यांनी काय करायचे?”

तिने विचार केला. “दिवाळीपुरता,” ती म्हणाली. “चारच दिवस.”